कात्री कामावर गेलीय

एकोणीसशे नव्याण्णव साल होतं आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. डोक्यावर केस होते, मनगटात जोर होता, आणि रिक्षाचं हूड शिवावं तर नाना पेठेतल्या बबन मास्टरनंच, असं सगळं पुणं म्हणत होतं. सगळं म्हणजे ज्यांच्याकडे रिक्षा होती ते. बाकीच्यांना मी विचारायला गेलो नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण हे मी माझ्या हातानं लिहितोय. माझ्या मुलीनं, वैशालीनं, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघायचं, वाक्याला हात लावायचा नाही, असं ठरलंय. पहिलं पान वाचून ती म्हणाली, "बाबा, जरा शांतपणे लिहा ना, धापा टाकल्यासारखं वाटतंय." शांतपणे कसं लिहू? विल्माबाई आठवली की मला बसवत नाही. तेव्हाही बसवत नव्हतं.

यंदा गल्लीच्या तोंडाशी झेंडूची पहिली पाटी उतरली आणि माझ्या नाकात नेहमीसारखे दोन वास एकदम शिरले. एक झेंडूचा आणि दुसरा उन्हात तापलेल्या नव्या रेक्झिनचा. माझा दसरा या दोन वासांचा मिळून होतो. यातला एक नसला तर मला सण आल्यासारखं वाटत नाही.

आमच्या धंद्याचा मोसम पंचांगावर चालतो. पाऊस हुडाचं वाटोळं करतो हे खरं. चार महिने भिजून, मधेच ऊन खाऊन रेक्झिनला भेगा पडतात, शिवण उसवते, मागं बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर थेंब पडतो आणि ते शांतपणे विचारतं, "आंघोळीचं मीटर वेगळं आहे का?" तरीपण गणपती गेले म्हणून लगेच कोणी हूड करायला येत नाही. पितृपंधरवडा लागतो ना. त्यात नवं काही करायचं नसतं. रिक्षावाला फाटक्या हुडानं फिरेल, पण पंधरवड्यात नवं चढवणार नाही. मग घटस्थापना झाली रे झाली की सगळे एकदम! प्रत्येकाला दसऱ्याआधी पाहिजे. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत रिक्षा उभ्या, काहींचे नुसते सांगाडे, जसे काही कपडे काढून आंघोळीला थांबलेत. कात्रीची करकर, पायमशीनची घरघर, हातोडीची टकटक, "मास्टर, माझी कधी?" "मास्टर, माझा नंबर आधी होता." ताटातल्या भाकरीलाही रेक्झिनचा वास. माझी बायको इंदू म्हणायची, "तुमच्या घामालासुद्धा तोच वास येतो." मला ते कौतुक वाटायचं. अजून वाटतं.

त्या वर्षी रांग जरा जास्तच होती. कारखान्यांतून माणसं व्हीआरएस घेऊन बाहेर पडत होती आणि त्यातली कितीतरी सरळ रिक्षा घेत होती. कालपर्यंत लेथवर उभा राहिलेला माणूस आज नवी खाकी घालून माझ्यापुढं उभा राहायचा, पण ऐट अजून सुपरवायझरची. "हूड मापात पाहिजे हां, मास्टर." मी म्हणायचो, "डोकं किती मोठं आहे ते सांगा." चौकातला टायपिंग क्लास रातोरात कॉम्प्युटर क्लास झाला होता. बारावीतल्या वैशालीच्या तोंडी खराडी, हिंजवडी, अमेरिका. ज्याचा त्याचा भाचा तिकडं निघालेला.

आणि त्याच मोसमात अमेरिका माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

पितृपंधरवडाच होता, म्हणून मी मोकळा होतो. नाहीतर मान वर करून बघितलंही नसतं. एक उंच, काळीभोर बाई. काळी म्हणजे आपल्याकडं लग्नाच्या जाहिरातीत ज्याला सावळी म्हणतात तशी नव्हे, खरी काळी, तुकतुकीत. कापसासारखे पांढरे बारीक केस. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. अंगात पुरुषी निळा शर्ट आणि त्याचे खिसे असे फुगलेले की चालली तरी आवाज येईल. पायरीशी उभी राहून तिनं डोळे मिटले आणि नुसता श्वास घेतला. एकदा, दोनदा.

समोरचे स्पेअरपार्टवाले बापट गल्ल्यावरून म्हणाले, "मास्टर, हुडं आता आफ्रिकेत पाठवायला लागलात काय?"

"तुमच्या दुकानात सदाशिव पेठेतनंसुद्धा कोणी येत नाही, बापट," मी म्हणालो.

मी माडीवरच्या वैशालीला हाक मारली. तिचं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं, अडखळत यायचं, पण यायचं. तिनं विचारलं, बाईनं सांगितलं, आणि वैशाली माझ्याकडं वळली तेव्हा तिचा चेहरा निराळाच होता. "बाबा, त्या म्हणतायत तुमच्या दुकानाला त्यांच्या वडिलांचा वास येतो."

बाईचं नाव विल्मा. अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांचं एक शहर आहे, तिथली. तिचा बाप आयुष्यभर मोटारींच्या सीटा शिवत होता. कारखाना बंद पडला त्या दिवशी तो आपली कात्री शर्टाखाली घालून घरी घेऊन आला. ती कात्री तिनं पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. काय वजन! हाताएवढी लांब, काळं लोखंड, मुठीला त्या माणसाच्या बोटांनी पाडलेले खळगे. मी बोटं घातली तर बसली. मला तर तेव्हाच हसू फुटलं होतं, कारण माझी बोटं दुसऱ्या कोणाच्या कात्रीत कधी बसत नाहीत.

ती चित्रकार होती. इथल्या एका संस्थेनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, आणि दसरा झाला की तिच्या कामाचं प्रदर्शन होतं. पण तिचं चित्र म्हणजे रंगाचा डबा आणि ब्रश असं नव्हतं. फळीवर कापड शिवायचं, पत्रा ठोकायचा, बटणं, तारा, केस, फाटकी तिकिटं, जे हाताला लागेल ते चिकटवायचं. मी स्पष्ट सांगितलं, "हे चित्र नाही. याला आम्ही भंगार म्हणतो." वैशालीनं ते इंग्रजीत सांगायला नको होतं, पण सांगितलं. विल्माबाई अशी खळखळून हसली की रस्त्यावरचा माणूस थांबला. म्हणाली, "माझी आईही हेच म्हणायची."

तिला बापाचं चित्र करायचं होतं, दाराएवढ्या फळीवर. गोंदानं रेक्झिन धरत नव्हतं, सुटून यायचं. "शिवायला पाहिजे," मी म्हणालो. "शिवाल?" तिनं विचारलं. पंधरवडा होता, हात शिवशिवत होते. मी हो म्हणालो, आणि मग घटस्थापना झाली, दारात रांग लागली, तरी ते हो मागं घेतलं नाही. मी शब्द मागं घेत नाही. इंदू त्याला दुसरं नाव ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, लोक तुम्हाला काय म्हणतात? वैशाली म्हणाली, मास्टर. बाईचा चेहरा एकदम बंद झाला, शटर ओढल्यासारखा. मग तिनं हळू आवाजात वैशालीला काहीतरी सांगितलं. वैशाली म्हणाली, "बाबा, त्यांच्या पणजोबांना विकत घेतलेलं होतं. ज्यानं घेतलं त्याला ते हा शब्द म्हणायचे. त्या म्हणतात, मला हा शब्द तोंडातून काढता येणार नाही. तुमची आई तुम्हाला काय म्हणायची?"

"बबन," म्हणालो.

"बबन," ती म्हणाली. आई गेल्यावर मला नुसतं बबन म्हणणारी ती एकटी. आणि मी तिला अहोजाहो करायला लागलो तर हात हलवून नको म्हणाली. म्हणून मी ती म्हणतो. इंदू मात्र अजून त्या म्हणते.

रंगाची गोष्ट तर सांगायलाच हवी! तिनं विचारलं, तुझ्याकडं काळी रेक्झिनं किती? मी सगळे रोल बाहेर काढले. चकचकीत काळं, मंद काळं, दाणेदार काळं, किंचित निळ्या झाकेचं काळं. तिनं शर्टाची बाही वर केली आणि प्रत्येक तुकड्याला आपला हात लावून बघत गेली. बघितला की मान हलवायची. नाही. नाही. मग तिचं लक्ष मागच्या ढिगाकडं गेलं. तिथं काढून टाकलेली जुनी हुडं पडलेली. उन्हापावसात पिकलेली, मधूनच तपकिरी, मधूनच राखी, घडीवर भेगाळलेली. तिनं त्यातलं एक ओढून काढलं, गुडघ्यावर पसरलं, त्यावर हात ठेवला आणि वैशालीला काहीतरी म्हणाली.

"हा त्यांच्या वडिलांचा रंग," वैशाली कुजबुजली.

मी पण हात ठेवला. का ठेवला माहीत नाही. इंदू चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "तुमचाही हाच आहे की. उगीच पावडर लावता."

जन्मभर मी ती जुनी हुडं भंगारात टाकत आलो होतो. त्या दिवसापासून मला प्रत्येक जुन्या हुडात कोणाचा तरी चेहरा दिसायला लागला. रिक्षावाल्यांनाही चेव आला. खोळंबलेला प्रत्येक जण काहीतरी आणून द्यायचा. कोणी फुटका भोंगा, कोणी मीटरचा पत्रा, कोणी जुनं लायसनचं कव्हर. "बाई, हे लावा. माझं पण नाव होऊ दे अमेरिकेत." बापटांनीसुद्धा पेटीभर गंजके वॉशर पाठवले आणि वर निरोप, परत केले नाहीत तर उपकार होतील. व्हीआरएसवाल्या एका माणसानं आपल्या कारखान्याचा बिल्ला काढून दिला. आणि सरळ रिक्षात जाऊन बसला. विल्माबाईनं तो बापाच्या छातीवर लावला. दाभण मी घातलं, दोरा तिनं ओढला.

सगळं गोडच होतं असं नाही. लक्ष्मी रोडला तिच्या मागं पोरं लागायची. तिला राहायला खोली हवी होती तेव्हा एका मालकानं दारातच सांगितलं, गेली खोली, आणि 'खोली भाड्यानं देणे' ही पाटी आठवडाभर तशीच लटकत होती. ती यातलं एक अक्षर बोलली नाही, वैशालीकडून कळलं. इंदूनं ऐकून घेतलं, खोलीवाल्याचा शेलक्या शब्दांत उद्धार केला, आणि त्या दिवसापासून आमचा दुपारचा डबा एका माणसानं वाढला.

मग आली खंडेनवमी.

फळी पुरी होत आली होती. बाप उभा, हुडाच्या कातड्याचा, डोळ्यांच्या जागी दोन पितळी बटणं, आणि उजव्या हातात खरी कात्री, तारेनं आवळलेली. आता शेवटच्या कडेची शिवण राहिली होती. मी सकाळी मंडईत झेंडू आणायला गेलो. आमच्याकडं खंडेनवमीला एकही हत्यार कामाला लागत नाही. धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू, अक्षता, फूल, निवेद. मशीनलासुद्धा. इंदू स्वयंपाकघरातली विळीही पुजते, म्हणून त्या दिवशी घरात चिरायचं काही नसतं, खीरपुरी असते.

मी फुलं घेऊन परत आलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

इंदूनं पूजा उरकली होती. पाटावर माझी हत्यारं, हातोडी, दाभणं, अंगुस्तान. आणि भिंतीला टेकलेल्या चित्रातली ती कात्री! तिच्याभोवती ओल्या हळदीचा पट्टा, पात्यावर कुंकवाची बोटं, अक्षता चिकटलेल्या, आणि हळदीचं पाणी ओघळून बापाच्या पँटीवरून थेट खाली. प्रदर्शन दोन दिवसांवर. हळदीचा डाग निघतो का?

"इंदू! काय केलंस हे?"

"काय केलं? हत्यार होतं, पुजलं."

"अगं, ते चित्र आहे!"

"भंगार म्हणालात ना?" ती निवांत होती. "त्यांच्या वडिलांची कात्री आहे. आपल्या घरात, आजच्या दिवशी, सगळी हत्यारं जेवायची आणि तिलाच उपाशी ठेवू?"

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. विल्माबाई आत आली, शेवटची शिवण घालायच्या तयारीनं, बाह्या दुमडून. तिनं फळी बघितली. मी आयुष्यात कोणाला घाबरलो नाही, पण त्या वेळी फुलं छातीशी धरून मी इंदूच्या मागं सरकलो.

"कोणी केलं?" हे विचारायला तिला वैशाली लागली नाही.

"मी," इंदू म्हणाली. "का?"

वैशाली मधे पडली. घाबरून तिचं इंग्रजी पार पळालं होतं. "टुडे... टूल्स... हॉलिडे," एवढंच निघालं. "टूल्स नो वर्क. टूल्स ईट."

विल्माबाई फळीसमोर खाली बसली, फरशीवरच. मग बोलायला लागली, आणि वैशाली जमेल तसं सांगत गेली. कारखान्यात बापाची पाळी संपली की तो कात्री पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात द्यायचा. ती गरमच असायची. दिवसरात्र गरम. बाप म्हणायचा, ही कात्री माझ्या आधीपासून दमलेली आहे. "तिला कोणी कधी सुट्टी दिली नाही," विल्माबाई म्हणाली. "बापालाही नाही." आणि तिनं हात लांब करून, अगदी हळू, हळदीच्या कडेला बोट लावलं आणि ते बोट आपल्या कपाळाला लावलं.

मी सुटलो! मी एवढ्या जोरात श्वास सोडला की बापट समोरून म्हणाले, "टायर बसला का?"

त्या दिवशी तिनं काही केलं नाही. आमच्याकडं खीरपुरी खाल्ली, पायरीवर बसून रिक्षांच्या पूजा बघितल्या, झेंडूची माळ ओवली, चुकीची ओवली, उसवली, परत ओवली. जाताना इंदूनं तिला बजावलं, आणि हातवारे करून असं बजावलं की वैशालीची गरज पडली नाही, "आज आराम. पण उद्या सकाळी उचलायचं आणि काम करायचं. पुजलेलं हत्यार बसून राहिलं तर रुसतं."

दसऱ्याच्या सकाळी मी शटर उघडलं तेव्हा ती आधीच दारात उभी. सरळ फळीपाशी गेली, पक्कड मागितली आणि बापाच्या हातावरच्या तारा तोडल्या. एक, दुसरी. कात्री सुटून तिच्या हातात आली. मी ओरडलो, "अगं, आता चित्राचं काय?" तिनं ऐकलं नाही. टेबलावर नवं रेक्झिन पसरलेलं होतं. तिनं बापासारखी बोटं घातली असणार, कारण पातं असं चाललं, असं चाललं, सरळ, न थांबता. मग कात्री माझ्या हातात दिली.

"बबन. काम," ती म्हणाली. मराठीत.

चित्रात बापाचा हात मोकळा राहिला. हातात कात्रीच्या आकाराची रिकामी जागा आणि भोवती हळदीची कड.

प्रदर्शनाला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, इंदू नऊवारीत. तिथं एक दाढीवाले गृहस्थ त्या रिकाम्या जागेपुढं उभे राहून दुसऱ्याला त्याचा अर्थ सांगत होते, अभाव, वेदना वगैरे. एका पोरीनं सरळ विल्माबाईलाच विचारलं, इथली कात्री कुठं गेली? विल्माबाईनं माझ्याकडं बघितलं, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "कामावर गेलीय." वैशालीनं ते मला सांगितलं आणि मी त्या शांत हॉलमधे इतका मोठ्यानं हसलो की कोणीतरी 'शू' केलं.

ती परत अमेरिकेला गेली. पुढची काही वर्षं दसऱ्याला फोन यायचा. आमची भाषा तेवढीच. ती विचारायची, "कात्री?" मी ओरडायचो, "कामावर!" आणि दोघं हसत बसायचो, तिकडं पैसे जळत असतील तरी. मग घरातला फोन गेला, मोबाइल आले, नंबर बदलले. पण कात्री रोज कामावर होती. तिनं किती हुडं कापली असतील! पिवळी, काळी, मधे हिरव्या रिक्षा आल्या तेव्हा हिरवी. हल्ली तयार हुडं येतात, कारखान्यातून शिवून. तरी माझ्याकडं येणारे येतात.

गेली दोन वर्षं मात्र माझा अंगठा साथ देत नाही. सांधा सुजतो. डॉक्टरनं जड कात्री बंद केली. नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची, खेळण्यातली वाटावी अशी एक कात्री आणलीय. विल्माबाईची कात्री आता खंडेनवमीलाच बाहेर निघायची, पुजायची आणि परत कपाटात.

यंदाच्या खंडेनवमीला वैशाली धायरीहून आली. आता ती खराडीतल्या कंपनीत मोठी मॅनेजर आहे, इंग्रजी अमेरिकेपेक्षा फास्ट बोलते. पूजा झाली होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, म्हणाली, "बाबा, विल्मा आँटी गेल्या. उन्हाळ्याच्या आधी. त्यांच्या भाचीनं मला इंटरनेटवर शोधून काढलं, तिला तुमच्याशी बोलायचंय." आणि फोन समोर धरला.

भाचीचं नाव जॉयस. तोंडवळा थेट तोच! ती बोलत होती, वैशाली सांगत होती. म्हातारपणी विल्माबाईनं तो बंद पडलेला कारखाना, त्यातला एक हॉल, मागून घेतला आणि गल्लीतल्या पोरांना तिथं भंगारातून चित्रं करायला शिकवलं. शेकडो पोरं शिकली, त्यातली काही आता मोठी चित्रकार आहेत. तिच्या शहरातल्या म्युझियमनं तिच्या कामासाठी पुरी एक भिंत दिलीय आणि मधोमध पुण्यातलं चित्र आहे. "पण त्यावर पिवळे डाग आहेत," जॉयस म्हणाली, "आणि कात्री पडून हरवलीय. ते लोक डाग साफ करायचं म्हणतायत. मी म्हटलं, आधी पुण्याला विचारूया."

"थांब, थांब!" मी उठलोच. "फोन तिकडं फिरव, वैशाली. त्यांना पाट दाखव!"

पाटावर कात्री होती. सकाळीच इंदूनं लावलेली हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. वैशालीनं फोन जवळ नेला. तिकडं जॉयस किंचाळली. खरोखर किंचाळली, आणि मग रडायला लागली, आणि हसत होती त्यातच. म्हणाली, "मावशी हेच करायची! वर्षातून एक दिवस, ऑक्टोबरात. हॉलमधली सगळी हत्यारं टेबलावर मांडायची, पिवळी पूड, केशरी फुलं, कोणी हात लावायचा नाही, नुसतं गोड खायचं. पोरांचा सगळ्यात आवडता दिवस. आम्हाला वाटायचं, हे तिचंच काहीतरी डोक्यातून आलेलं."

अमेरिकेत खंडेनवमी! मोटारीच्या कारखान्यात! आणि मला पत्ता नाही!

मग तिनं चित्राचा फोटो दाखवला. पंचवीस-तीस वर्षांच्या मानानं बाप चांगला होता. हळद फिकी, कुंकू विटकरी झालेलं. इंदू मला ढकलून पुढं आली, नाक फोनला लावलं. "अहो, ही माझी बोटं! बघा, करंगळी उमटलीय! सांग गं तिला, धुवायचं नाही म्हणावं. धुतलं तर मी येईन तिकडं." डागाचा निकाल तिथंच लागला.

मग जॉयसनं कात्रीचं विचारलं. ती कात्री आम्हाला द्याल? रिकाम्या जागेत परत लावू, वर काच येईल. आणि खाली तुमचं नाव लिहू, बबन, नाना पेठ, पुणे. कायमचं.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर ती पाटीच आली. अमेरिकेच्या भिंतीवर माझं नाव! बापट हयात असते तर तोंड बघण्यासारखं झालं असतं. जिभेवर हो होतं. "उद्या सांगतो," म्हणालो, कारण एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही.

फोन ठेवल्यावर मी इंदूला म्हटलं, "जाऊ दे तिकडं. मानानं राहील. इथं काय, कपाटात पडून असते. रिटायरच झालीय."

इंदू पुऱ्यांचं ताट उचलत होती. "कात्री रिटायर झालीय, का तुम्ही?"

"माझा अंगठा बघ!"

"बघितला. दुसरा हात कशाला दिलाय?" आणि ती आत गेली. रात्री जेवतानाही एवढंच म्हणाली, "त्यांनी तारा तोडल्या होत्या. तुम्ही परत बांधायला निघालात."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शटर उघडलं तर एक पोरगेला रिक्षावाला उभा. कानात वायर, हातात मोबाइल. म्हणाला, "मास्टर, तयार हूड दोनदा घातलं, पावसात गळतं. आजोबा म्हणाले तुमच्याकडं जा." मी रोल काढला, काळा, दाणेदार. टेबलावर पसरला. पाटावरची कात्री उचलली, फूल कानामागं खोचलं आणि दोन्ही हातांनी मूठ धरली. पात्यावर अजून हळद होती. इंदूनं न सांगता रेक्झिनचं दुसरं टोक धरलं. अंगठ्यातून कळ गेली. सुरुवातीला पातं जरा वाकडं चाललं, मग वळणावर आलं.

"बाबा, जॉयसला काय सांगू?" वैशालीनं विचारलं.

"लाव फोन आणि इकडं धर," मी म्हणालो. "तिला आवाज ऐकू दे."

आणि मी कापत गेलो.